चाहत्यांचं हॉल ऑफ फेम: 75 टक्के, क्रमवारी की सर्वाधिक मतं?

बेसबॉलचे तीस-चाळीस चाहते एकत्र येऊन आपलं स्वतःचं हॉल ऑफ फेम काढायचं ठरवतात, तेव्हा पहिल्या बैठकीत नावांवरच चर्चा रंगते. उत्तेजकांच्या संशयात अडकलेल्या बॅरी बॉन्ड्सला घ्यायचं का, सट्ट्यामुळे बंदी आलेल्या पीट रोझचं काय करायचं, यातच वेळ संपतो आणि मतदानाचे नियम ‘कूपरस्टाउनचेच ठेवू या’ (म्हणजे न्यूयॉर्क राज्यातल्या त्या गावी असलेल्या, थोर खेळाडूंचा सन्मान करणाऱ्या मूळ हॉल ऑफ फेमचे) म्हणून शेवटच्या पाच मिनिटांत उरकले जातात. क्रम उलटा हवा. कोण आत जाणार हे खेळाडूच्या कामगिरीइतकंच मतं कशी मोजली जातात यावरही ठरतं, आणि कूपरस्टाउनचाच इतिहास त्याचा पुरावा आहे.

तुमच्यापुढे मुख्यतः तीन वाटा आहेत: टक्केवारीची अट, क्रमवारीनुसार गुण आणि सर्वाधिक मतं. चौथी वाट समितीची, तिच्याबद्दल पुढे थोडक्यात.

टक्केवारीची अट

कूपरस्टाउनची मूळ पद्धत साधी आहे. बेसबॉल लेखकांच्या संघटनेतले किमान दहा वर्षं सदस्य असलेले पत्रकार मतदान करतात आणि 75 टक्के मतपत्रिकांवर नाव आलं की खेळाडू आत जातो. 1936 मध्ये पहिल्यांदा मतदान झालं तेव्हा 226 मतपत्रिका आल्या. टाय कॉबला 222 मतं मिळाली, बेब रूथ आणि होनस वॅग्नरला प्रत्येकी 215. ख्रिस्टी मॅथ्यूसन आणि वॉल्टर जॉन्सन धरून एकूण पाच जण निवडले गेले. पिचर (चेंडू टाकणारा) म्हणून ज्याच्या नावावर 511 विजय आहेत त्या साय यंगला मात्र निम्मीसुद्धा मतं पडली नाहीत. त्याला पुढच्या वर्षापर्यंत थांबावं लागलं.

या अटीचं मोठं बळ असं, की चारातल्या तिघांनी होकार दिल्याशिवाय कुणी आत जात नाही. त्यामुळे निवड झाली की वाद बराचसा मिटतो. 2019 मध्ये मारियानो रिव्हेराला 425 पैकी 425 मतं पडली, त्या आकड्याला वजन आहे ते या अटीमुळेच. तोटाही तिच्यातूनच येतो. 2013 मध्ये पत्रकारांच्या मतदानातून एकही जण निवडला गेला नाही, 2021 मध्येही तेच झालं. 2014 मध्ये क्रेग बिजिओला 571 पैकी 427 मतं मिळाली, म्हणजे 74.8 टक्के. दोन मतं कमी पडली आणि त्याला आणखी एक वर्ष थांबावं लागलं. कूपरस्टाउनला एखादं कोरडं वर्ष परवडतं, कारण त्यांच्याकडे संग्रहालय आहे आणि 1936 पासूनची परंपरा आहे. नव्या गटाला दुसऱ्याच वर्षी रिकामा समारंभ करावा लागला, तर तिसऱ्या वर्षी मतदानाला माणसं मिळणं अवघड होईल.

पण खरी अडचण 75 या आकड्यात नाही, त्याला जोडलेल्या दोन छोट्या नियमांत आहे. एका मतपत्रिकेवर जास्तीत जास्त दहा नावं, आणि 5 टक्क्यांहून कमी मतं मिळाली तर खेळाडू यादीतून कायमचा बाद. चाहत्यांचे गट हे दोन्ही नियम विचार न करता उचलतात, म्हणून इथे जरा थांबतो.

दहा नावांच्या मर्यादेचा हिशेब करून बघा. मतदार 40, म्हणजे सगळ्यांच्या मिळून 400 खुणा. समजा यादीत 16 खेळाडू खरोखर लायक आहेत आणि त्यांतला प्रत्येक जण 32 मतदारांना, म्हणजे 80 टक्क्यांना, हवा आहे. त्या सगळ्यांना न्याय द्यायला 512 खुणा लागतील. आहेत 400. त्या सारख्या वाटल्या गेल्या तर प्रत्येकाच्या वाट्याला 25 मतं येतात, म्हणजे 62.5 टक्के. सोळाही जण लायक, मतदारांनाही मान्य, आणि आत एकही नाही! कूपरस्टाउनमध्ये गेल्या दशकात याच्या जवळपासचं चित्र होतं. 2014 मध्ये निम्म्या मतदारांनी दहाच्या दहा जागा भरल्या होत्या. पत्रकारांच्या संघटनेने मर्यादा बारावर नेण्याची मागणी केली, हॉलने ती मान्य केली नाही.

आता 5 टक्क्यांचा नियम. डेट्रॉइट टायगर्सचे लू व्हिटेकर आणि ॲलन ट्रॅमल. एक सेकंड बेसवर, दुसरा शॉर्टस्टॉप, म्हणजे मैदानातल्या शेजारच्या जागा. दोघांचं पदार्पण एकाच दिवशी, 9 सप्टेंबर 1977 रोजी. पुढे 1995 पर्यंत दोघं शेजारीशेजारी खेळले, 1984 ची वर्ल्ड सीरीज (मोसमाची अंतिम विजेतेपदाची मालिका) एकत्र जिंकले. दोघांच्या कामगिरीत फार अंतर नाही. 2001 मध्ये व्हिटेकरचं नाव पहिल्यांदा मतदानाला आलं. 515 पैकी 15 मतं मिळाली, 2.9 टक्के, आणि पहिल्याच वर्षी नाव यादीतून गेलं. ट्रॅमलला पुढच्या वर्षी 15.7 टक्के मिळाले. तो यादीत पंधरा वर्षं टिकला, कधीही 41 टक्क्यांच्या वर गेला नाही, पण त्याच्याबद्दल बोलणं चालू राहिलं आणि 2018 मध्ये, पत्रकारांच्या मतदानातून राहिलेल्यांचा फेरविचार करणाऱ्या हॉलच्या छोट्या समितीमार्फत, तो आत गेला. व्हिटेकर अजून बाहेर आहे. मला हा निकाल आजही खुपतो. व्हिटेकरबद्दल फेरविचार करायला मतदारांना दुसरं वर्षच मिळालं नाही.

फेरविचाराने काय होतं हे लॅरी वॉकरने दाखवून दिलं. 2011 मध्ये 20.3 टक्के, 2014 मध्ये घसरून 10.2, आणि शेवटच्या संधीला, 2020 मध्ये, 76.6. खेळणं केव्हाच थांबलं होतं. बदलली ती लोकांची समज. चाळीस जणांच्या गटात 5 टक्के म्हणजे दोन मतं, एवढ्या आकड्यावर कुणाचं दार कायमचं बंद करू नका. टक्केवारीची वाट धरलीत तर नावांची मर्यादा काढून टाका आणि एक मत मिळालं तरी नाव पुढच्या वर्षी राहू द्या. यादी लांबते, पण चाहत्यांना लांब यादीचा त्रास होत नाही.

कोऱ्या मतपत्रिकेचंही आधीच ठरवा. कूपरस्टाउनमध्ये ती एकूण संख्येत धरली जाते, म्हणजे कोरी मतपत्रिका ही सगळ्यांविरुद्धचं मत ठरते. 2021 मध्ये अशा 14 आल्या.

क्रमवारीनुसार गुण

चाहत्यांनीच उभारलेलं ‘हॉल ऑफ मेरिट’ या पद्धतीचं उत्तम उदाहरण आहे. काही डझन अभ्यासू मतदारांनी 1898 पासून एकेक वर्ष घेत, जणू त्या काळात बसून, मतदान केलं. प्रत्येकाने 15 खेळाडू क्रमाने लावायचे, क्रमानुसार गुण मिळायचे, आणि त्या वर्षी किती जण घ्यायचे हा आकडा आधीच पक्का असायचा. सर्वाधिक गुणवाले आत. शिवाय नुसती नावं चालत नसत, प्रत्येक मतदाराला आपली कारणं लिहावी लागत.

या पद्धतीत कोरडं वर्ष येत नाही, लायक माणसांची कोंडी होत नाही, आणि राहिलेला खेळाडू पुढच्या वर्षी पुन्हा रांगेत असतो. कारणं लिहायच्या सक्तीमुळे आवडीनिवडी उघड होतात. मला स्वतःला ही सगळ्यात न्याय्य वाटते. पण ती मेहनत मागते. 1920 च्या दशकातला पिचर आणि 1990 च्या दशकातला कॅचर एका रांगेत लावायचे म्हणजे दोन्ही काळ माहीत हवेत, निग्रो लीगमधल्या (वर्णभेदाच्या काळातल्या कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगमधल्या) खेळाडूंचे अपुरे आकडेही वाचता यायला हवेत. गटात असे वीस जण नसतील तर क्रमवारी नुसती ऐकीव नावांची होते.

दुसरी खबरदारी गुणांच्या कोष्टकाची. चाळीस मतदारांत ‘अ’ला 15 जणांनी पहिला क्रमांक दिला, बाकी 25 जणांनी नावच लिहिलं नाही. ‘ब’ला चाळीसही जणांनी सातवा क्रमांक दिला. पहिल्याला 15, दुसऱ्याला 14 असे उतरते गुण दिले, तर अ ला 225 आणि ब ला 360. ब सहज जिंकतो. आता मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराला लीगमध्ये वापरतात ते कोष्टक घ्या: पहिल्याला 14, दुसऱ्याला 9, मग 8, 7 असे. अ ला 210, ब ला 160. मतं तीच, निकाल उलटा. पुरस्कारासाठी पहिल्या क्रमांकाला जादा वजन देणं ठीक आहे. हॉल ऑफ फेमला सर्वांची सहमती हवी असते, म्हणून सरळ उतरते गुण घ्या.

सर्वाधिक मतं

कॅलिफोर्नियातल्या ‘बेसबॉल रेलिक्वरी’ने 1999 पासून ‘श्राइन ऑफ द इटर्नल्स’ चालवलं ते असं: वर्गणीदार सदस्य मत देतात, सर्वाधिक मतांचे तिघं आत. टक्केवारीची अट नाही. पहिल्या वर्षी कर्ट फ्लड, डॉक एलिस आणि बिल वीक निवडले गेले. फ्लड या खेळाडूने सेंट लुईसच्या संघातून फिलाडेल्फियाच्या संघात जायला नकार देऊन खेळाडूंच्या हक्कांचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. संघमालक वीकने 1947 मध्ये क्लीव्हलँडमध्ये लॅरी डोबी या कृष्णवर्णीय खेळाडूला करारबद्ध केलं आणि अमेरिकन लीगचा वर्णभेद मोडला. नुसत्या आकड्यांवर मोजायची ही माणसं नव्हेत, आणि या हॉलचा उद्देशही तो नव्हता. बेसबॉलवर ठसा कुणी उमटवला, हा तिथला प्रश्न. तुमचाही प्रश्न तोच असेल, तर ही सुटसुटीत पद्धत पुरेशी आहे.

मात्र मतदार कोण हे इथे काटेकोर हवं. 1957 मध्ये सिनसिनाटीच्या चाहत्यांनी ऑल-स्टार सामन्यासाठी (दोन लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी) इतकी मतं ओतली की नॅशनल लीगच्या संघात सुरुवातीला त्यांचेच सात जण आले. बेसबॉलचे प्रमुख, कमिशनर फोर्ड फ्रिक यांनी दोघांना काढून विली मेज आणि हँक ॲरन यांना घेतलं, आणि चाहत्यांचा मताधिकार 1970 पर्यंत गेला. 2015 मध्ये त्याच सामन्याच्या मतदानात कॅन्सस सिटीच्या चाहत्यांच्या लाटेत लीगला सहा कोटींहून जास्त मतं रद्द करावी लागली. म्हणून मतदारयादी मतदानाच्या काही महिने आधी बंद करा.

समिती, गुप्तता आणि चारित्र्य

समितीवर माझा फारसा विश्वास नाही. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँकी फ्रिश समितीत असताना त्याचे जुने सहकारी, जेसी हेन्स आणि चिक हेफी, आत गेले. 2018 च्या डिसेंबरमध्ये हॅरॉल्ड बेन्सला 16 पैकी 12 मतं मिळाली. पत्रकारांच्या मतदानात तो कधी 6.1 टक्क्यांपुढे गेला नव्हता, आणि समितीत त्याचा जुना मॅनेजर आणि जुन्या संघाचे मालक होते. तुमच्याकडे समितीने फक्त उमेदवारांची यादी करावी, निवड करू नये.

मतं उघड असावीत. 2020 मध्ये डेरेक जीटरला 397 पैकी 396 मतं मिळाली. उरलेलं एक मत कुणाचं हे आजवर समोर आलेलं नाही, त्यामुळे कारण काय होतं हेही कळत नाही. पत्रकारांनी सगळ्या मतपत्रिका जाहीर करायचा ठराव केला होता, हॉलने तो फेटाळला. चाहत्यांच्या गटात नोकरी किंवा बातमीचा स्रोत जाण्याची भीती नसते, तेव्हा नावासकट मत द्यायला हरकत नसावी.

चारित्र्याचं कलम (खेळाडूची सचोटीही मतात धरण्याचा नियम) ठेवायचं की नाही हे पहिल्या मतदानाआधी ठरवा, एखाद्याचं नाव समोर आल्यावर नव्हे. रोझवर 1989 मध्ये बेसबॉलवर सट्टा लावल्यावरून बंदी आली आणि बंदी असलेल्यांना अपात्र ठरवणारा हॉलचा नियम 1991 मध्ये, त्याचं नाव मतपत्रिकेवर येण्याच्या बेतात असताना, झाला. 4,256 हिट्सच्या माणसाबद्दल काहीही मत असो, नियम करायची ही वेळ चुकीची होती.

मग निवड कशी करायची? गटात आकड्यांत रमणारे वीस-पंचवीस जण असतील, तर क्रमवारी घ्या, वर्षाला दोन जागा ठेवा, कारणं लिहायची सक्ती करा. गट मोठा आणि मिश्र असेल, कुणी फक्त यांकीजपुरतं बघणारं, कुणी नुकतंच खेळ शिकलेलं, तर 75 टक्के, नावांना मर्यादा नाही, आणि कुणीच 75 गाठलं नाही तर पहिल्या दोघांची त्याच महिन्यात हो-नाही अशी दुसरी फेरी, तिला 60 टक्के पुरेत. आकड्यांपेक्षा गोष्टींवर प्रेम करणारा गट असेल, तर सर्वाधिक मतांचे तिघं. निवृत्तीनंतर पाच वर्षं थांबायचा कूपरस्टाउनचा नियम तिन्हीकडे ठेवा. आणि नियम बदलायचा झाला तर दोन-तृतीयांश सदस्यांच्या संमतीने, तोही उमेदवारांची यादी जाहीर व्हायच्या आधीच.