हृदयविकार रोखण्याचा प्रकल्प हाती घेताय? प्रशिक्षणाच्या पाच वाटा, शेजारी शेजारी ठेवून

आमच्या क्लिनिकमधल्या बीपीच्या रुग्णांची यादी पहिल्यांदा काढून समोर ठेवली, तेव्हा डोळ्यांत भरली ती आकड्यांची शेपटी. १३०, १४०, १४०, १५०, १३०. वरचा आकडा जवळपास सगळीकडे शून्यावर संपलेला. डायलच्या यंत्रावर दोन-दोनच्या रेघा असतात. नीट वाचलं तर पाचांतला एखादाच आकडा शून्यावर संपायला हवा. आमच्याकडे दहांतले आठ. म्हणजे आम्ही मोजत कमी आणि गोळाबेरीज जास्त करत होतो, आणि त्याच आकड्यावर गोळी वाढवायची की तीच ठेवायची हे ठरवत होतो. त्यात माझं अक्षरही होतं.

गंमत अशी, की त्याच्या चार महिने आधीच मी हृदयविकार प्रतिबंधाची दोन दिवसांची कार्यशाळा करून आलो होतो. नव्या मार्गदर्शक सूचना, जोखीम काढायचे तक्ते, स्टॅटिनचे (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळ्यांचे) डोस, सगळं झालं. 'येताना तुमच्या शेवटच्या शंभर रुग्णांच्या नोंदी घेऊन या' एवढं एक वाक्य मात्र निमंत्रणात नव्हतं.

प्राथमिक उपचार देणाऱ्या डॉक्टर, नर्स किंवा फार्मासिस्टने असा प्रकल्प चालवायचा, तर प्रशिक्षण कुठलं घ्यावं हा प्रश्न मला आता बरेच जण विचारतात. यातलं मी स्वतः केलंय ते दोनच प्रकारचं. बाकीचं सहकाऱ्यांना करताना जवळून पाहिलंय.

आधी अडतं कुठे ते बघू

प्रकल्प कोलमडतात ते औषधं कळत नाहीत म्हणून नव्हे. वरचा रक्तदाब १० मिमीने उतरला की हार्ट अटॅक, पक्षाघात अशा मोठ्या घटना साधारण २० टक्क्यांनी कमी होतात. एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, दर लिटरमागे १ मिलिमोलने खाली आणलं तरी जवळपास तेवढाच फायदा होतो. यात कुणाला काही नवं नाही. तरीही जगात उच्च रक्तदाब असलेल्या प्रौढांपैकी जेमतेम पाचांतल्या एकाचाच रक्तदाब आटोक्यात आहे. मधली फट बुजवायला वेगळीच कामं लागतात. कोण आलं नाही त्याची यादी काढायची, त्यांना परत बोलवायचं, बीपी कुणी आणि कधी मोजायचं हे ठरवायचं, दर महिन्याला आलेखावर एक बिंदू टाकायचा, आणि आपल्याहून ज्येष्ठ सहकाऱ्याला त्याच्याच रुग्णांचे आकडे दाखवायचे. शेवटचं सगळ्यात अवघड.

उत्तर कॅलिफोर्नियातल्या कैसर पर्मनंटे या आरोग्यसंस्थेचं उदाहरण या विषयात नेहमी देतात, ते याचसाठी. २००१ मध्ये त्यांच्या उच्च रक्तदाबाच्या रुग्णांपैकी ४३.६ टक्के आटोक्यात होते, २००९ मध्ये ८०.४ टक्के. केलं काय? सगळ्या रुग्णांचं एकच रजिस्टर, सगळ्या डॉक्टरांसाठी एकच साधा उपचारक्रम, दोन औषधं एकाच गोळीत, गोळी बदलली की दोन ते चार आठवड्यांत सहायकाकडून विनाशुल्क बीपी तपासणी, आणि कुठल्या केंद्राचे आकडे काय ते सगळ्यांसमोर. जादूचं औषध कुठलंच नव्हतं. आणि लागली आठ वर्षं. 'बारा आठवड्यांत नेतृत्व' अशी जाहिरात दिसली की मला ही आठ वर्षं आठवतात.

कार्यशाळा आणि ऑनलाइन कोर्स

सगळ्यात स्वस्त, सगळ्यात सोपं, सगळ्यात जास्त विकलं जाणारं. अशा शैक्षणिक बैठकांवर कॉक्रन या वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या संस्थेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात प्रत्यक्ष उपचारांत मधली सुधारणा निघाली साधारण ६ टक्के. शून्य नाही, पण त्यावर प्रकल्प उभा राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये आणलेल्या 'हार्ट्स' पॅकेजवरचे कोर्स अभ्यासक्रम म्हणून उत्तम आहेत: जीवनशैलीचा सल्ला, प्रमाणित उपचारक्रम, औषधांची उपलब्धता, जोखमीनुसार उपचार, टीमने काम करणं, नोंदी आणि देखरेख. माझं मत विचाराल तर हे संपूर्ण टीमने करावं, नेत्याने एकट्याने नव्हे. नर्सने आणि डॉक्टरने एकच उपचारक्रम वाचलेला असला, तर पुढचे अर्धे वाद होतच नाहीत.

एको: तज्ज्ञ पडद्यावर, रुग्ण तुमचा

२००३ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीत संजीव अरोरा यांनी हेपटायटिस सी साठी हे सुरू केलं. गावोगावचे डॉक्टर ठरलेल्या वेळी व्हिडिओवर जमतात, एकेक जण आपली केस मांडतो, तज्ज्ञ आणि इतर सगळे चर्चा करतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विद्यापीठाच्या क्लिनिकमधले ५७.५ टक्के रुग्ण बरे झाले होते, एकोशी जोडलेल्या ठिकाणचे ५८.२ टक्के. म्हणजे रुग्णाला दूरच्या तज्ज्ञाकडे न पाठवताही तोच निकाल मिळाला. हीच पद्धत आता इतर अनेक आजारांसाठी वापरतात. चार गोळ्यांनीही न उतरणारा रक्तदाब, स्टॅटिनने पाय दुखतात म्हणून गोळी बंद केलेला रुग्ण, अनियमित ठोके असलेल्या ऐंशी वर्षांच्या आजींना रक्त पातळ करणारं औषध द्यायचं का, असल्या पेचांत याच्यासारखा आधार नाही.

पण कार्यशाळेशी आणि पुढच्या वाटेशी तुलना करताना एक फरक लक्षात घ्या. एकोत केस येते ती तुमच्यासमोर बसलेल्या रुग्णाची. प्रकल्प असतो सहा महिने न फिरकलेल्यांसाठी, आणि त्यांची केस कुणी मांडत नाही.

शिकणाऱ्या क्लिनिकांचा गट

मी दुसऱ्यांदा घेतलं ते हे, म्हणून इथे जरा रेंगाळतो. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट फॉर हेल्थकेअर इम्प्रूव्हमेंटने १९९५ मध्ये 'ब्रेकथ्रू सिरीज' नावाने ही पद्धत बसवली. वीस-पंचवीस क्लिनिकांच्या छोट्या टीम, सगळ्यांचं एकच लक्ष्य, वर्षभरात साधारण तीन एकत्र बैठका, आणि मधल्या काळात आपापल्या ठिकाणी छोटे बदल करून बघायचे. टीम म्हणजे एकटा डॉक्टर नाही. आमच्याकडून नर्स आणि रिसेप्शनवरच्या बाईही आल्या होत्या, आणि रुग्ण परत का येत नाहीत हे त्या दोघींनाच माहीत होतं.

आम्ही पहिला बदल केला तो अगदी फुटकळ. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला, जाड दंडाला मोठा पट्टा, आणि मोजताना गप्पा बंद. यंत्र डिजिटल, आकडा दिसेल तो लिहायचा. शून्यं गेली. त्याबरोबर आमचा 'आटोक्यात' असलेल्यांचा टक्काही घसरला. आधी ज्यांना १३० लिहून घरी पाठवत होतो, त्यांतले काही १४६ निघाले. मी एकटा असतो तर प्रकल्प फसला म्हणून गुंडाळला असता. पुढच्या बैठकीत दुसऱ्या टीमच्या नर्सने आमचा आलेख पाहिला आणि विचारलं, "नीट मोजायला लागलात ना? आमचाही असाच पडला होता. तीन महिने थांबा." माझ्या लेखी हे वाक्य अख्ख्या फीच्या मोलाचं होतं.

आलेख वाचायलाही तिथेच शिकलो. एक महिना वर गेला म्हणून पेढे वाटायचे नाहीत. सलग सहा बिंदू मध्यरेषेच्या एकाच बाजूला आले, तर खरंच काहीतरी बदललंय असं मानायचं. आणि फक्त खूप जास्त बीपीचे रुग्ण निवडले, तर काही न करताही त्यांचा पुढचा सरासरी आकडा खाली येतोच. हा सापळा ठाऊक नसलेल्या प्रकल्पांची भित्तिपत्रकं मी परिषदांमध्ये पुष्कळ पाहिली आहेत.

या वाटेचा दोषही तिथूनच येतो. 'योजना, कृती, तपासणी, दुरुस्ती' हे चक्र सगळे तोंडाने म्हणतात, फिरवतात थोडे. ही पद्धत वापरल्याचं सांगणारे ७३ शोधनिबंध २०१४ मध्ये कुणी बारकाईने तपासले, तेव्हा एकामागून एक चक्रं फिरवल्याची पूर्ण नोंद फक्त १४ मध्ये सापडली. गटात शिरण्याआधी चौकशी करा: मधल्या महिन्यांत आकडे कोण मागतं? कुणीच मागत नसेल, तर ती तीन हप्त्यांतली कार्यशाळाच.

घरी येणारा मार्गदर्शक की बाहेर जाणारा फेलो?

या दोन वाटा नेमक्या उलट्या दिशेच्या आहेत. पहिलीत बाहेरचा प्रशिक्षित माणूस महिन्यातून एक-दोनदा तुमच्या क्लिनिकात येतो, रजिस्टर लावून देतो, बैठक घेतो, अडलं तिथे हात देतो. २०१२ च्या एका एकत्रित विश्लेषणात २३ अभ्यास पाहिले होते. असा मार्गदर्शक असलेल्या क्लिनिकांनी उपचारांच्या मार्गदर्शक सूचना अमलात आणण्याची शक्यता इतरांच्या २.७६ पट निघाली. दुसरीकडे, अमेरिकेने २०१५ मध्ये 'एव्हिडन्सनाऊ' या कार्यक्रमात सुमारे १,५०० छोट्या क्लिनिकांना ॲस्पिरिन, बीपी, कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान या चार गोष्टींसाठी असंच पाठबळ दिलं. सुधारणा झाली, पण माफक. दोन्ही आकडे शेजारी ठेवूनच निर्णय घ्या. ही वाट चांगली आहे, पण तिने नेता घडेलच असं नाही. मार्गदर्शक फार हुशार असेल, तर तो येणं थांबल्यावर रजिस्टरही थांबतं.

फेलोशिपमध्ये तुम्हीच वर्षभर आठवड्याचा एखादा दिवस रुग्णांतून बाहेर पडता. सुधारणाशास्त्र, आकडेवारी, वाटाघाटी शिकता, आणि ज्येष्ठ मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली एक खरा प्रकल्प करता. नेतृत्वाच्या दृष्टीने यापेक्षा भक्कम काही नाही. माझी एक मैत्रीण यातून गेली. आज ती दहा-बारा क्लिनिकांचं काम बघते. पण तिच्या मूळ क्लिनिकमधला प्रकल्प ती गेल्यावर चार महिन्यांत बसला, कारण शिकली होती ती एकटी. शिवाय तिचे रुग्ण वर्षभर ज्यांनी पाहिले, त्यांचं नाव कुठल्याच अहवालात आलं नाही. ही नाराजी लहान नसते.

मग कुणी काय घ्यावं?

एकच डॉक्टर, एकच नर्स आणि संगणकात रुग्णांची यादीच निघत नाही, अशी स्थिती असेल तर मार्गदर्शक मागा. नेतृत्वाचे कोर्स नंतर. यादी निघते, दोन-तीन सहकारी तयार आहेत, तर गट. यात मला फारसा किंतु वाटत नाही. तीसेक लोकांच्या मोठ्या केंद्रात काम करत असाल आणि पुढे हेच काम करायचं मनात असेल, तर फेलोशिप, पण आपल्या जागी मागे काम चालवणारा एक जण आधीच तयार करून. उपचारांतच आत्मविश्वास कमी पडत असेल, तर एको, आणि त्याच्या जोडीला यातलं काहीतरी. तुम्ही स्वतः न शिकता माणसं पाठवणारे वरिष्ठ असाल, तर एकाच क्लिनिकमधून दोघं पाठवा. एकच जागा मिळत असेल तर नर्सचा विचार आधी करा.

पहिल्या प्रकल्पाचा विषयही यातच ठरतो. बीपी दर भेटीत मोजलं जातं, त्यामुळे आलेख लवकर भरतो आणि शिकायला मिळतं. अनियमित ठोके असूनही रक्त पातळ करणारं औषध न मिळालेल्यांची यादी छोटी असते. तीन-चार महिन्यांत ती हातावेगळी होते, टीमला हुरूप येतो. आनुवंशिक उच्च कोलेस्टेरॉलची कुटुंबं शोधणं मोलाचं, पण पहिल्याच वर्षी त्यात पडू नये.

वेळेचं मात्र कागदावर घ्या. मला आठवड्याचा अर्धा दिवस तोंडी मिळाला होता. पहिले दोन आठवडे मिळाला, तिसऱ्या आठवड्यात कुणीतरी रजेवर गेलं, आणि त्यानंतर मी आलेख रात्री जेवणं झाल्यावर भरत होतो. पुढच्या वर्षी वेळापत्रकातच 'रुग्ण नोंदवू नयेत' असा शिक्का मारून घेतला. रिसेप्शनवरच्या बाईंनी तो इमानेइतबारे पाळला, माझ्या वरिष्ठांनी स्वतः फोन करून रुग्ण घुसवायचा प्रयत्न केला तेव्हासुद्धा.