सांगलीच्या विश्रामबागेतलं सर्जिकल हॉस्पिटल : पाचपैकी चार स्टार

अपेंडिक्स म्हणजे तीन भोकं पाडायची आणि दोन दिवसांत घरी, हे ऐकून होतो. पण आमच्या थोरल्या भावानं द्राक्षाच्या छाटणीपायी पोटदुखी अंगावर काढली, त्यात शुगर. इथं आणला तोवर अपेंडिक्स फुटून पोटात पू झालेला. पोट उघडूनच ऑपरेशन करावं लागलं. ते नीट झालं. मी लिहितोय ते पुढच्या जखमेबद्दल.

पहिली पट्टी सोडली तेव्हा वहिनी घाबरलीच. आतले थर विरघळणाऱ्या धाग्यानं शिवलेले, पण वरची कातडी उघडी आणि त्यात ओलं गॉज. पाहुण्यांनी लगेच "मिरजेला हलवा" सुरू केलं. मिरज म्हणजे शेजारचं मोठ्या दवाखान्यांचं गाव, आमच्याकडं काही बिनसलं की तोंडात मिरजच येते. सर्जननी कागदावर पोटाचे थर काढून दाखवले. इतका पू असताना कातडी घट्ट शिवली तर घाण आत कोंडते आणि टाक्यांखाली परत पू धरतो. म्हणून चार-पाच दिवस रोज ड्रेसिंग, जखम आतून स्वच्छ लालसर दिसली की टाके. काही सर्जन लगेच शिवतात, हेही त्यांनीच सांगितलं. त्यामुळं माझा विश्वास बसला.

खरे गुण मात्र ड्रेसिंगवाल्या सिस्टरना. पेशंट बदलला की हात धुणार. जुनी पट्टी काढलेल्या हातमोज्यांनी नव्या गॉजला हात लावणार नाहीत. जखम सलाइननं धुतात. पेरॉक्साइडचा फेस काढून दाखवायची हौस नाही. त्यानं नवीन येणारं मांसही जळतं म्हणे. मी मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी, तेव्हा वहिनीनं चांगली राजापुरी दळून आणायला लावली. सांगलीच्या हळदीला २०१८ साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, हे मी सिस्टरना ऐकवलंसुद्धा. "दिवाणजी, ती दुधात घाला, जखमेत नको," एवढंच म्हणाल्या.

शुगर रोज तपासत होते. ती चढली की जखम भरत नाही आणि जंतूंचं फावतं. भाऊ चोरून गोड चहा मागवायचा, तो चहावाल्या पोराला सांगून बंद केला.

घरी सोडताना मराठीत छापलेला कागद दिला : ताप, पसरत जाणारी लाली, पू, घाण वास, वाढतं दुखणं यातलं काहीही दिसलं तर रात्रीही फोन करा. टाके निघाले तरी ऑपरेशनपासून ३० दिवस जखमेवर नजर ठेवा.

एक स्टार कापला तो बाकीच्या कारभाराला. ड्रेसिंगला अकराची वेळ देतात आणि आत घेतात एकला. बाकडं एकच, पोटाला टाके असलेला माणूस भिंतीला टेकून उभा. गॉज त्यांच्याच मेडिकलमधून घ्यायचं, आणि बिलात पाकिटं किती लावली हे विचारलं की काउंटरवरच्या बाईंचा चेहरा बघण्यासारखा होतो.

जाणार असाल तर नऊच्या आत नंबर लावा, आणि पेशंटसाठी घरून एक घडीची खुर्ची न्या.