दाखवली एक, दिली दुसरी: लहान चणीच्या व्यक्तीने सागरी कयाक घेताना झालेली फसवणूक

समुद्रात गळाने मासेमारी करण्यासाठी कयाक घेणारी व्यक्ती उंचीने आणि वजनाने लहान असेल, तर तिला फसवणे विक्रेत्याला विशेष सोपे जाते, कारण पाण्यात पडण्याची तिची भीती त्याला ठाऊक असते आणि "मोठी होडी म्हणजे सुरक्षित होडी" या एका वाक्यावर तो कोणताही माल तिच्या गळ्यात मारू शकतो. माझी उंची 150 सेंटिमीटर आणि वजन 48 किलो आहे. माझ्या बाबतीत हे वाक्य तर वापरले गेलेच, शिवाय चाचणीला एक कयाक देऊन घरी दुसरीच पाठवण्यात आली, आणि ती दुसरी बुडाला तडा गेलेली होती. हा प्रकार इतरांच्या वेळीच लक्षात यावा, म्हणून सर्व तपशील देत आहे.

आधी लहान शरीराला काय हवे असते ते स्पष्ट केले पाहिजे, कारण फसवणूक नेमकी तिथेच झाली. मासेमारीसाठी विकल्या जाणाऱ्या अनेक कयाक 33 ते 36 इंच रुंद असतात. तळ्यात किंवा खाडीच्या संथ पाण्यात उभे राहून गळ टाकता यावा, म्हणून त्यांची रुंदी तेवढी ठेवलेली असते. समुद्रात मात्र माणूस बहुतेक वेळ बसून वल्हवतो, आणि ज्याचे खांदे अरुंद व हात आखूड आहेत त्याचे वल्हे एवढ्या रुंद काठापलीकडे सरळ पाण्यात उतरतच नाही. प्रत्येक वेळी अंग बाजूला झुकवावे लागते, वल्ह्याचा दांडा काठावर आपटतो, आणि लांब वल्हे घेतले तर त्याचे ओझे मनगटांवर येते. लहान चणीच्या व्यक्तीला समुद्रासाठी साधारण 26 ते 29 इंच रुंद आणि 13 ते 15 फूट लांब कयाक अधिक मानवते. ओशन कयाक या कंपनीची जुनी स्कपर प्रो सुमारे 26 इंच रुंद होती, आणि तिच्यावर बसून समुद्रात मासेमारी करणारे लोक पुष्कळ होते. म्हणजे अरुंद होडीतून मासेमारी होत नाही, हे विक्रेत्यांचे म्हणणे खरे नाही.

हे माहीत असल्यामुळे मी विक्रेत्याला चार प्रश्न लेखी विचारले: सर्वांत रुंद भागी रुंदी किती, बैठक आणि सुकाणू बसवलेल्या अवस्थेत वजन किती, बनावट कोणत्या वर्षाची, आणि पूर्वी कुठे दुरुस्ती झाली आहे काय. त्याने लेखीच उत्तर दिले की रुंदी 28 इंच, वजन 25 किलो, बनावट मागील वर्षाची, आणि दुरुस्ती कसलीही नाही. त्यानंतर चाचणी झाली. मी पोहोचले तेव्हा कयाक आधीच पाण्यात सोडलेली होती, आणि चाचणी संपल्यावर त्याच्याच माणसांनी ती बाहेर ओढली, त्यामुळे तिचे वजन मला हाताने जाणवले नाही. पण ती अरुंद होती, वल्ह्याला हलकी होती, आणि पाय टेकवण्याचे आधार माझ्या पायांपर्यंत येत होते. मी तीच घेण्याचे ठरवले आणि पूर्ण रक्कम दिली.

घरी आलेली कयाक रंगाने तीच होती, तिच्यावर नावही तेच होते. एकाच नावाखाली वेगवेगळ्या लांबी-रुंदीच्या कयाक बनवण्याची या धंद्यात सर्रास रीत आहे, आणि या फसवणुकीला तिचाच आधार मिळाला. फीत लावून मोजल्यावर रुंदी 34 इंच भरली. दोन्ही टोके दोन टांगत्या काट्यांना अडकवून एकाच वेळी उचलली आणि दोन्ही आकड्यांची बेरीज केली, तेव्हा वजन 41 किलो निघाले. चाचणीच्या दिवशी सोबतीने काढलेल्या छायाचित्रात बैठकीसमोरचे झाकण गोल दिसत होते. आलेल्या कयाकचे झाकण लंबगोल होते. हे सर्व विक्रेत्याला कळवल्यावर त्याने आधी सांगितले की वजन रिकाम्या सांगाड्याचे सांगितले होते, मग सांगितले की रुंदी पाण्याच्या रेषेपाशी मोजायची असते, आणि शेवटी म्हणाला, "मॅडम, तुमच्या वजनाला रुंदच बरी, उलटणार नाही." माझ्या प्रश्नात "बैठक आणि सुकाणू बसवून" आणि "सर्वांत रुंद भागी" हे शब्द स्पष्ट लिहिलेले होते. हीच कयाक तुम्ही चालवून पाहिली होती, यावर तो ठाम राहिला आणि परत घेण्यास त्याने नकार दिला.

रुंद होडी उलटत नाही, या विधानाचा खुलासा सविस्तर केला पाहिजे, कारण नवख्या माणसाला ते पटण्यासारखे वाटते. संथ पाण्यावर रुंद, सपाट बूड स्थिर असते हे खरे आहे. या स्थिरतेला प्राथमिक स्थिरता म्हणतात. पण सपाट बूड पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून राहू पाहते, आणि लाट आडवी आली की तो पृष्ठभागच तिरका होतो, म्हणून होडीही त्याच्याबरोबर तिरकी होते. थोड्या गोलाईच्या, अरुंद बुडाची कयाक संथ पाण्यात अधिक डोलते, परंतु लाटेवर तिचा तोल कमरेने सांभाळता येतो. त्यातच विक्रेता वहनक्षमतेचा मोठा आकडा अभिमानाने सांगतो. तो आकडा जास्तीत जास्त भाराचा असतो. होडी नीट चालायला किमान किती भार हवा, हे त्यावरून कळत नाही. दुप्पट वजनाच्या माणसाचा विचार करून बनवलेली होडी 48 किलोच्या माणसाखाली पाण्यात पुरेशी बसत नाही, तिची बाजू उंच उघडी राहते, आणि वारा त्या बाजूला धरून होडी कडेला नेऊ लागतो. किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्यात हलक्या व्यक्तीसाठी याहून मोठा धोका क्वचितच असेल. आणि होडी उलटलीच, तर 34 इंच रुंद व 41 किलोची कयाक पाण्यात राहून सरळ करणे आणि तिच्या उंच काठावरून पुन्हा वर चढणे, हे लहान चणीच्या एकट्या माणसाच्या ताकदीबाहेरचे ठरू शकते.

विक्रेता ऐकत नाही असे दिसल्यावर, दोन अनुभवी सोबत्यांना घेऊन, लाइफ जॅकेट घालून मी ती कयाक किनाऱ्यालगतच पाण्यात नेली. पायांचे आधार सर्वांत जवळच्या खाचेत आणूनही माझे पाय तिथे पोहोचले नाहीत. पाय टेकल्याशिवाय धड वळवून वल्हवता येत नाही आणि सगळा जोर दंडांवर येतो. थोड्या वेळाने बाजूची लाट आली की कयाक कलायची आणि परत यायला वेळ लावू लागली. अशा कयाकचे पोट आतून बहुधा एकसलग पोकळ असते. त्यात पाणी शिरले की ते कललेल्या बाजूला धावते आणि होडीला आणखी त्याच बाजूला ओढते. किनाऱ्यावर येऊन मागचे बूच काढले, तेव्हा सुमारे 20 लिटर पाणी निघाले. समुद्राचे 20 लिटर पाणी म्हणजे साडेवीस किलो, माझ्या वजनाच्या चाळीस टक्क्यांहून अधिक भार, आणि तोही आत मोकळा फिरणारा.

पाणी कुठून शिरले ते साबणाच्या पाण्याने सापडले. बाकीची सर्व झाकणे बंद करून बुचाच्या भोकातून तोंडाने हळूच हवा भरावी आणि बाहेरून साबणाचे पाणी लावावे. तडा असेल तिथे बुडबुडे येतात. (कॉम्प्रेसर कधीही वापरू नये, त्याच्या दाबाने सांगाडा फुटू शकतो.) मागच्या उजव्या स्कपरच्या, म्हणजे वरचे पाणी खाली वाहून जाण्यासाठी असलेल्या आरपार भोकाच्या कडेला, एका मोठ्या सजावटीच्या स्टिकरखाली बुडबुडे आले. स्टिकर सोलल्यावर चिकट लेपाने बुजवलेली भेग दिसली. स्कपरमध्ये दांडे घालून चालवायच्या गाड्यावरून वारंवार ओढल्यास सगळे वजन याच जागेवर येते, म्हणून वापरलेल्या कयाकला तडा बहुधा इथे जातो. कयाकच्या पॉलिएथिलीनला साधा इपॉक्सी टिकाऊपणे धरत नाही. तिथे त्याच जातीचे प्लॅस्टिक वितळवून जोडावे लागते, आणि क्रॉसलिंक्ड पॉलिएथिलीन, म्हणजे एकदा घडल्यावर पुन्हा न वितळणारा प्रकार असेल, तर तेही शक्य होत नाही. असा लेप विकण्यापुरता टिकतो.

बनावटीच्या वर्षाचे खोटेही याच वेळी उघड झाले. अनेक उत्पादक मागच्या टोकाला उजव्या बाजूला सांगाड्याचा ओळख क्रमांक कोरतात. अमेरिकी पद्धतीत तो अक्षरे व अंक मिळून 12 चिन्हांचा असतो, आयएसओ 10087 या आंतरराष्ट्रीय मानकात त्याला देशाचे संकेताक्षर जोडलेले असते, आणि दोन्हींत शेवटचे दोन अंक मॉडेलचे वर्ष सांगतात. माझ्या कयाकवर हे शेवटचे अंक कानशीने घासलेले होते. घासलेला, झाकलेला किंवा नव्याने रंगवलेला क्रमांक दिसला, तर पुढचे काही न ऐकता तो व्यवहार तिथेच सोडावा असे माझे स्पष्ट मत आहे. क्रमांक शाबूत असेल, तर चाचणीच्या वेळीच त्याचे छायाचित्र घ्यावे, तोच क्रमांक, रुंदी आणि बैठकीसह वजन बिलावर लिहून घ्यावे, आणि पोहोचलेल्या कयाकवरचा क्रमांक जुळल्यावरच उरलेली रक्कम द्यावी.

लेखी उत्तरे, दोन्ही छायाचित्रे आणि काट्यांवरील आकडे जोडून मी ग्राहक तक्रार दाखल केली. सुनावणीच्या आधीच विक्रेत्याने कयाक परत नेली आणि वाहतूक कापून रक्कम परत केली. कापलेल्या भागासाठी माझी तक्रार चालू आहे. मात्र त्यानंतर तीच कयाक पुन्हा विक्रीस लावलेली मी पाहिली. आता तिचे वर्णन "नवशिक्या व हलक्या व्यक्तींसाठी उत्तम" असे केलेले आहे, वजन पुन्हा 25 किलोच लिहिलेले आहे, आणि छायाचित्रात मागच्या उजव्या स्कपरपाशी नवीन, निळ्या रंगाचा स्टिकर स्पष्ट दिसतो.