हिंजवडीतली वर्षभराची इंटर्नशिप: संपत आल्यावरचा अनुभव

आमच्या ज्युनियर मुलामुलींचे प्रश्न सुरू झालेत. सहा महिन्यांची घ्यावी की वर्षाची? सर्व्हिस कंपनी (दुसऱ्यांची सॉफ्टवेअरची कामं करणारी) बरी की प्रॉडक्ट (स्वतःचं सॉफ्टवेअर विकणारी)? स्टायपेंड किती असला तर हो म्हणावं? कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला मी पुण्याजवळच्या हिंजवडी आयटी पार्कच्या फेज १ मधल्या एका मध्यम आकाराच्या प्रॉडक्ट कंपनीत वर्षभराची इंटर्नशिप घेतली, ती आता संपत आलीये. माझ्या मते मुलाखतीत सगळ्यात आधी हे विचारा: "मी लिहिलेला कोड कोण वाचणार?" उत्तरात एखाद्या माणसाचं नाव आलं, तर बिनधास्त जा. "टीम बघते" असं मोघम उत्तर आलं, तर स्टायपेंड कितीही असो, दोनदा विचार करा.

कंपनी वितरकांसाठी बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर बनवते. सुरुवातीचे आठवडे लॅपटॉप, व्हीपीएन (कंपनीच्या नेटवर्कला सुरक्षित जोडणी) आणि परवानग्या मिळवण्यातच जातात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. तो वेळ मी जुना कोड वाचण्यात घालवला. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये सगळा कोड आपला किंवा आपल्या मैत्रिणीचा असतो. इथे मी शाळेत होते त्या काळात दुसऱ्यांनी लिहिलेल्या फाइल्स होत्या आणि लिहिणारे केव्हाच कंपनी सोडून गेलेले. गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन; त्यातल्या 'गिट ब्लेम'ने कुठली ओळ कोणी, कधी आणि कोणत्या बदलासोबत टाकली ते दिसतं. ही एक कमांड मला कॉलेजात कोणी शिकवायला हवी होती.

खरं शिक्षण एका तक्रारीतून झालं. एका वितरकाची १ एप्रिलची काही बिलं मागच्या आर्थिक वर्षात दिसत होती. डेटाबेसमध्ये वेळ यूटीसीत (जगभराच्या प्रमाण वेळेत) साठवलेली, आणि आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे १ एप्रिलला रात्री दीड वाजता केलेलं बिल यूटीसीत ३१ मार्चच्या रात्री आठचं ठरतं. रिपोर्ट थेट त्याच वेळेतून तारीख काढत होता. वर्षअखेरीच्या रात्री गोदामातलं काम मध्यरात्रीनंतरही चालतं, त्यामुळे नेमकी तीच बिलं अडकली.

दुरुस्ती अगदी छोटी होती: आधी वेळ भारतीय वेळेत आणायची, मग तारीख काढायची. मी पुल रिक्वेस्ट (केलेला बदल मुख्य कोडमध्ये घेण्याची विनंती) टाकली. टीम लीडनी ती मंजूर केली नाही. खाली एवढंच लिहिलं, "अशी तारीख अजून कुठे कुठे काढली जाते?" शोधत गेले तर रोजच्या विक्रीत, जीएसटीच्या मासिक गोषवाऱ्यात आणि थकबाकीच्या यादीतही तेच. मग त्यांनी विचारलं, जुन्या टेस्टना (कोड तपासणाऱ्या छोट्या प्रोग्रामना) हे का सापडलं नाही? कारण सगळ्या टेस्टमधली वेळ दुपारची होती! शेवटी पहाटे ५:२९ आणि ५:३० या दोन्ही वेळांच्या टेस्ट लिहिल्या, कारण यूटीसीची तारीख बरोबर त्या मिनिटाला बदलते. हे दोन प्रश्न विचारणारं कोणी नसतं, तर तक्रार बंद झाली असती आणि जीएसटीचा गोषवारा तसाच चुकत राहिला असता.

पैशाचं थोडक्यात: स्टायपेंड पंधरा हजार. हिंजवडीशेजारच्या वाकडला तिघींत फ्लॅट, मेस आणि बस धरून भागतं, घरून मागावे लागत नाहीत. पावसाळ्यात संध्याकाळी भूमकर चौकातल्या ट्रॅफिकमधून जाण्याची वेळ येणार असेल, तर खोली घेताना दोन-तीन हजार जास्त द्या, पण ऑफिसच्या जवळ राहा. पदवीनंतर कोणी 'अप्रेंटिस' म्हणून घेत असेल, तर तो वेगळा करार असतो. तो १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली येतो आणि २०१९ च्या नियमांनुसार पदवीधरांना दरमहा किमान ९,००० रुपये ठरले होते. आपला करार कोणता, हे सही करण्याआधी एचआरला विचारून घ्या.

मला सगळ्यात जास्त त्रास कॉलेजच्या कागदपत्रांचा झाला. कॉलेजवाले इंटर्नशिपच्या रिपोर्टमध्ये स्क्रीनशॉट हवेत म्हणतात. कंपनी गोपनीयतेमुळे एकही बाहेर जाऊ देत नाही. मधल्या मध्ये विद्यार्थी भरडला जातो. आकृत्या आणि बनावट डेटावरचे स्क्रीनशॉट चालतील, असं मी दोन्हीकडून ईमेलवर लिहून घेतलं, तेव्हा प्रश्न मिटला. हे पहिल्याच महिन्यात करा, व्हायवाच्या तोंडावर कोणालाच वेळ नसतो.

एम.टेक.च्या प्रवेशासाठी गेट परीक्षा द्यायची असेल, तर मात्र वर्षाची घेऊ नका. परीक्षा फेब्रुवारीत असते आणि नेमकं तेव्हाच काम अंगावर यायला लागलेलं असतं. माझ्या रूममेटने दोन्ही जमवायचा प्रयत्न केला, शेवटी तिने इंटर्नशिप मध्येच सोडली. तिच्यासाठी सहा महिन्यांचीच योग्य होती. बाकीच्यांनी वर्षाचीच घ्यावी, कारण मला स्वतंत्रपणे तक्रारी हाताळायला मिळाल्या त्या सहाव्या महिन्यानंतरच.