एका तासात फिक्स दात, आणि हिरडीत रुतलेली तार

आमच्या भागात बहुतेक तालुक्यांच्या एसटी स्टँडामागे असं एखादं दुकान सापडतं. बोर्डावर भलीमोठी बत्तीशी, खाली 'फिक्स दात एका तासात, विनावेदना' आणि नावामागे दोन-चार अक्षरं. ती कुठल्या पदवीची, हे कुणी विचारत नाही. जालना जिल्ह्यातल्या अशाच एका दुकानात माझ्या वडिलांनी, आप्पांनी, वरचे पुढचे तीन दात बसवून घेतले. साडेतीन हजार रुपये गेले, ते एक वेळ सोडा. त्या तीन नकली दातांपायी शेजारचा धडधाकट दात काढावा लागला आणि पलीकडचा अजून हलतोय.

धाकटा भाऊ सोबत होता, म्हणून आत काय झालं ते कळलं. जुनी सलूनची खुर्ची. हातमोजे नाहीत, एक्स-रे नाही. शुगर आहे का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, काही विचारलं नाही. आप्पांना शुगर आहे. तुटलेल्या दातांची मुळं हिरडीत होती, त्यांना हातही लावला नाही. मेणाच्या पट्टीवर ओळीनं लावलेले तयार दात असतात, त्यातले तीन रंग बघून उचलले. दोन्ही बाजूंच्या दातांना बारीक तार गुंडाळली. वाटीत गुलाबी पावडर आणि बाटलीतलं पातळ औषध कालवलं. भाऊ म्हणाला, वासानं डोळ्यांत पाणी आलं. तो गोळा मुळांवर, हिरडीवर, तारेवर थापला आणि त्यात दात खोचले. "गरम लागंल काका, हलू नका, सेट होतंय." आप्पांना चटका बसला, पण ते तसेच बसून राहिले. मग मशीननं घासूनपुसून आरसा हातात दिला.

दात छान दिसत होते, हे मान्यच करायला हवं. पुढच्याच आठवड्यात घरात लग्न होतं. कधी फोटोला न हसणारे आप्पा त्या लग्नाच्या एकूण एक फोटोत दात दाखवून हसताहेत. गावातल्या आणखी दोघांना त्यांनीच ते दुकान सुचवलं. या धंद्याची जाहिरात अशीच होते. गिऱ्हाईक खूश असतं तेव्हाच बोलतं.

ती गुलाबी पावडर म्हणजे सेल्फ-क्युअर ॲक्रिलिक, पातळ औषधात कालवलं की आपोआप कडक होणारं प्लास्टिक. पदवीधर दंतवैद्यही ते वापरतात, पण कवळी दुरुस्त करायला, फार तर तात्पुरती कॅप करायला. कडक होताना ते तापतं. पुरतं न मुरलेलं रसायन हिरडीला जाळतं. घट्ट झाल्यावरही त्यात बारीक छिद्रं राहतात आणि त्यांत अन्न नि जंतू साठतात. कवळी रात्री काढून धुता येते. शेजारच्या दातांवर कॅप चढवून बसवलेल्या ब्रिजखालून धागा किंवा बारीक ब्रश फिरवता येतो. हा गोळा ना निघतो, ना त्याच्याखाली काही जातं. वर धड दातांना तारेनं बांधलेला, म्हणजे घास चावला की सगळा ताण त्यांच्यावर.

काही महिन्यांनी तोंडाला वास यायला लागला. आप्पा दिवसभर गालात लवंग धरून बसायचे. मग ओठ सुजला, मग पू. शुगर वाढली ती उतरेना. दुकानदाराकडे गेले तर त्यानं पुडीत कसल्यातरी गोळ्या बांधून दिल्या. "सुरुवातीला व्हतंय असं, हिरडी धरायली." पुढच्या खेपेला दुकानाला कुलूप.

शेवटी छत्रपती संभाजीनगरला घाटी या सरकारी रुग्णालयाच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात नेलं. तिथल्या डॉक्टरांना हा प्रकार नवा नव्हता. नुसता बोर्ड कसा होता एवढंच विचारून त्या कामाला लागल्या. गोळा ओढून निघेना, कापावा लागला. ट्रेमध्ये पडलेला तुकडा मी जवळून पाहिला. पुढून गुलाबी, चकचकीत. मागून पिवळट, खरबरीत आणि त्यात कुजलेल्या मेथीचं एक पान जसंच्या तसं. तारेचं एक टोक हिरडीत इतकं रुतलं होतं की ते वेगळं सोडवून काढावं लागलं. शेजारच्या दाताचं हाड झिजलेलं एक्स-रेत दिसत होतं.

आता ते तीन दात मुळात गेले कसे? तिथेही फसवणूकच आहे. फार वर्षांपूर्वी आप्पांची दाढ ठणकत होती, पुढच्या दातांनाही कीड लागली होती. आठवडी बाजारात एकजण दातातले किडे काढायचा. बिया निखाऱ्यावर टाकायच्या, धुरी नळीनं तोंडात घ्यायची आणि थोड्या वेळानं पाण्याच्या वाटीत पांढरे, वळवळल्यासारखे दिसणारे किडे दाखवायचे. ते किडे नसतात. भुईरिंगणीसारख्या बियांना उष्णता लागली की आतला कोंब बाहेर पडतो, तोच वाटीत तरंगतो. काहीजण तर दाताचे किडे कानातून काढून दाखवतात!

आप्पांचा ठणका मात्र खरंच थांबला. तो का थांबला, हे मला घाटीत समजलं. कीड आतल्या नसेपर्यंत पोचली की दुखतं. नस मेली की दुखणं बंद. दात आतून पोखरतच राहतो आणि एक दिवस भाकरीच्या घासाला तुटतो. मधल्या काळात माणूस किडेवाल्याचे गुण गात फिरतो. लग्नातल्या हसऱ्या फोटोंची गोष्टही तीच. फायदा लगेच दिसतो आणि नुकसान उगवेपर्यंत दुकानाला कुलूप लागलेलं असतं.

दात किडतो तो आम्लानं. तोंडातले जंतू साखर नि पिठूळ पदार्थ खाऊन आम्ल तयार करतात. पीएच म्हणजे आम्लपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त. तो साधारण 5.5 च्या खाली गेला की दाताचं वरचं कवच विरघळू लागतं. दिवसातून सहा वेळा गोड चहा म्हणजे सहा वेळा तेच. सुरुवातीच्या पांढऱ्या डागापर्यंत फ्लोराइडची पेस्ट आणि गोडावर ताबा यांनी दात सावरतो. भोक पडल्यावर मात्र ते भरावंच लागतं, कुठल्या मंजनानं बुजत नाही. त्या दुकानदारानं आप्पांना एक लाल मंजनही विकलं होतं. चिमटीत धरलं तर वाळूसारखं टोचायचं. त्यानं दात चमकतात, कारण कवचच घासलं जातं.

'फिक्स दात' दंतवैद्यही बसवतात, म्हणूनच लोक फसतात. एक प्रकार ब्रिज. त्यात शेजारचे दात घासून माप घेतात, ते लॅबला जातं आणि नंतरच्या खेपेला कॅप बसतात. दुसरा इम्प्लांट. जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवतात आणि हाड तो धरायला सहसा तीन ते सहा महिने लागतात. काही रुग्णांना त्याच दिवशी तात्पुरता दात देतात, पण तेही एक्स-रे किंवा स्कॅन पाहून आणि शस्त्रक्रिया करूनच. कुजलेली मुळं आत ठेवून वरून दात चिकटवायचे, असं कुणी शिकलेला माणूस करत नाही. आप्पांना आता काढता येणारी कवळी दिली आहे. ती त्यांना आवडत नाही, रोज कुरकुर असते.

दुकान पुन्हा उघडल्यावर भाऊ जाब विचारायला गेला, तेव्हा दुकानदार म्हणाला, "आमचा तीन पिढ्यांचा धंदा हाय, आज्याचं रजिस्ट्रेशन हाय." हे वाक्य तुम्हालाही ऐकवलं जाईल. त्यात अर्धसत्य असू शकतं. 1948 च्या दंतवैद्य कायद्यात नोंदवहीचे दोन भाग होते. भाग 'अ' पदवीधरांचा. भाग 'ब' कायदा येण्याआधीपासून वर्षानुवर्षं हेच काम करणाऱ्यांचा, पदवी नसली तरी. पण ती नोंद त्या माणसापुरती होती, नातवाला वारशानं मिळत नाही. आज दात बसवणाऱ्याकडे बीडीएस किंवा एमडीएस पदवी आणि स्वतःच्या नावाची दंत परिषदेची नोंदणी लागते. महाराष्ट्रात ती राज्य दंत परिषद देते. भिंतीवरचं प्रमाणपत्र बघा. त्यावरचं नाव खुर्चीजवळ उभ्या असलेल्या माणसाचंच आहे का, हेही बघा.

ज्यांनी असे दात आधीच बसवून घेतलेत, त्यांनी ते घरी पक्कडीनं वगैरे ओढू नयेत. धड दातही सोबत येईल. जवळच्या दंत महाविद्यालयात जा, खर्च खासगीच्या मानानं फारच कमी येतो. शुगर-बीपीचे कागद आणि चालू गोळ्या बरोबर न्या.

तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे आम्ही अर्ज दिला तेव्हा पहिला प्रश्न आला, "बिल?" बिल नव्हतं. मेडिकलच्या कागदाच्या पाठीमागे लिहिलेला आकडा होता. मग बोर्डाचा फोटो, घाटीचा केसपेपर, एक्स-रे आणि तो कापलेला तुकडा डबीत घालून जोडला. राज्य दंत परिषदेलाही प्रत पाठवली आहे. आप्पांनी ज्या दोघांना ते दुकान सुचवलं होतं, त्यांतल्या एकानं स्वतःचा अर्ज दिलाय. दुसरे म्हणतात, अजून काही त्रास नाही, कशाला भानगड. तुमच्या घरात कुणी स्टँडामागच्या अशा दुकानातून दात बसवून घेतले असतील, तर आधी तपासून घ्या आणि अर्ज स्वतःच्या नावानं वेगळा द्या. एकट्याचा अर्ज फायलीत पडून राहतो.