अ‍ॅडापलीन जेल : चार महिन्यांच्या वापरानंतर

त्वचारोगतज्ज्ञांनी लिहून दिलेले ०.१ टक्का अ‍ॅडापलीनचे जेल मी गेले चार महिने वापरत आहे. कपाळावरचे बारीक पुरळ आणि हनुवटीवरची मुरुमे यांवर त्याचा निश्चित गुण आला. मात्र सुरुवातीला मी ते इतके चुकीचे वापरले की औषधच सोडून देण्याच्या बेतात होते.

जास्त लावले म्हणजे लवकर बरे वाटेल, अशा समजुतीने मी रोज रात्री चेहरा धुतल्याबरोबर ओलसर त्वचेवरच बोटाच्या पेरभर जेल चोळत असे. आठवडाभरात नाकपुड्यांच्या कडेची साल निघू लागली आणि साधे पाणीही झोंबू लागले. त्यातच वरच्या ओठाचे वॅक्सिंग करून घेतले, तेव्हा पट्टीबरोबर त्वचेचा पातळ पापुद्राही निघाला आणि तिथे आठ दिवस खपली होती. चेहऱ्याला कोणते औषध लावता, असे पार्लरमध्ये कोणी विचारले नाही. हे जेल लावलेल्या जागी वॅक्सिंग करायचे नसते, हे मलाही ठाऊक नव्हते.

डॉक्टरांनी आठवडाभर जेल बंद ठेवायला लावले आणि मग पुन्हा सुरुवात कशी करायची ते स्वतः दाखवले. चेहरा टिपून पूर्ण कोरडा होऊ द्यायचा, वाटाण्याएवढेच जेल घेऊन कपाळ, दोन्ही गाल आणि हनुवटी यांवर ठिपके द्यायचे, ते हलक्या हाताने पसरायचे आणि वरून मॉइश्चरायझर लावायचे. डोळ्यांभोवती, नाकपुड्यांच्या कडांना आणि ओठांना ते लागू द्यायचे नाही. तेही एक दिवसाआड. केवळ आलेल्या पुटकुळीवर जेल लावून उपयोग नाही, कारण मृत पेशी साचून रंध्रांची तोंडे बंद होण्याची जी क्रिया मुरूम दिसण्याच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते, तीच हे औषध रोखते. म्हणूनच फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात. मध्यंतरी माझे पुरळ वाढलेही होते, पण ते अपेक्षित असल्याचे आधीच सांगितलेले असल्यामुळे मी टिकून राहिले. सकाळी किमान एसपीएफ ३० चे सनस्क्रीन मात्र चुकवता येत नाही. गरोदर स्त्रियांनी आणि गर्भधारणेचा विचार करणाऱ्यांनी हे जेल वापरू नये.

एक गोष्ट कळकळीने सांगते. ट्रेटिनॉइन (अ‍ॅडापलीनच्याच गटातले औषध), हायड्रोक्विनोन (डाग फिके करणारे औषध) आणि स्टेरॉइड एकत्र असलेले मलम ‘गोरेपणाची क्रीम’ म्हणून अनेक मुली परस्पर लावतात. त्यातल्या स्टेरॉइडमुळे सुरुवातीला चेहरा उजळल्यासारखा वाटतो, पण पुढे त्वचा पातळ होते आणि मुरुमे उलट वाढू शकतात. ट्यूब घेताना घटक वाचावेत आणि शंका आल्यास डॉक्टरांना दाखवावी.

खर्चाचे म्हणाल, तर १५ ग्रॅमची पहिली ट्यूब माझ्या त्या चोळण्याने पंधरा दिवसांत अर्धी संपली होती. उरलेली अर्धी पुढे दोन महिने पुरली.