उपग्रहाच्या नकाशावर मका आणि गहू: दहा महिन्यांचा अनुभव

आधी एक हिशेब, कारण तो डोक्यात बसायलाच मला महिना लागला. सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहाचा सगळ्यात बारीक पिक्सेल जमिनीवर 10 बाय 10 मीटरचा, म्हणजे 100 चौरस मीटर. आपला गुंठा 101 चौरस मीटर. नकाशावरचा एक ठिपका म्हणजे जवळपास एक गुंठा. आमचं शेत पाच एकर, म्हणजे दोनशे गुंठे, दोनशे ठिपके. एका ठिपक्यात मक्याची सहा-सातशे झाडं मावतात आणि उपग्रह त्या सगळ्यांच्या हिरवेपणाची मिळून एक सरासरी देतो. त्यातली पाच झाडं पिवळी पडली काय, पन्नास पडली काय, आकडा जेमतेम हलतो.

त्यातही बांधाकडचे ठिपके बाद करावे लागतात, कारण त्यात अर्धं पीक आणि अर्धा बांध असतो. झाडं असतील तर त्यांची सावलीही. मी हद्द सगळीकडून दहा मीटर आत घेतली तेव्हा दोनशेतले दीडशेच उरले. एकच एकर असेल तर हाती विसेक ठिपके राहतात. तेवढ्यासाठी हा खटाटोप करावा का, याचा ज्याने त्याने विचार करावा. मी तरी केला नसता.

पेरणीपासून दोन गोष्टी वापरल्या. एक, कोपर्निकस ब्राउझर, म्हणजे सेंटिनेलच्या प्रतिमा दाखवणारं संकेतस्थळ: फुकट खातं उघडायचं, शेताची हद्द काढायची, तारीख निवडून नकाशा बघायचा. दुसरं, ह्याच प्रतिमा रंगवून मोबाइलवर अलर्ट पाठवणारं एक वर्गणीचं ॲप. ते नंतर बंद केलं, का ते पुढे येईलच.

सगळा खेळ मुख्यतः एनडीव्हीआय या हिरवेपणाच्या निर्देशांकाचा. हिरवं पान लाल उजेड शोषून घेतं आणि डोळ्यांना न दिसणारा निअर इन्फ्रारेड परत फेकतं. दोन्हींच्या वजाबाकीला दोन्हींच्या बेरजेने भागलं की झाला एनडीव्हीआय. उघडी माती 0.1 ते 0.2, दाट भरलेलं पीक 0.8 च्या पुढे. यात नवं काही नाही. 1972 साली लँडसॅट मालिकेतला पहिला अमेरिकी उपग्रह वर गेला, त्यानंतर दोनेक वर्षांत हे सूत्र रुळलं. बदललंय ते एवढंच की पूर्वी संशोधकांकडे असायचं ते आता बांधावर उभं राहून मोबाइलवर बघता येतं.

दर पाच दिवसांनी नवी प्रतिमा येते, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. प्रतिमा येते हे खरं, पण तिच्यात शेत दिसेलच असं नाही. मक्याच्या पहिल्या तीन महिन्यांत अठरा वेळा उपग्रह डोक्यावरून गेला आणि माझ्या कामाच्या प्रतिमा मिळाल्या चार. बाकी नुसते ढग. मका गुडघ्याएवढा असल्यापासून तुरा दिसेपर्यंत, म्हणजे जेव्हा काही करता येण्यासारखं असतं नेमकं तेव्हा, मी बहुतेक वेळ पांढरा पडदा बघत बसले होते. ढगांतून आरपार बघणारं रडार सेंटिनेल-1 वर आहे, तेही फुकट. दोन आठवडे त्याच्या मागे लागले. शेतात पाणी साचलंय का हे त्यातून बरं कळतं, पण पानांची तब्येत वाचायची तर ती दाणेदार काळी-पांढरी चित्रं माझ्या कुवतीबाहेरची निघाली.

पूर्ण ढग परवडला, कारण तो दिसतो. विरळ ढग आणि ढगाची सावली फसवतात. एका सकाळी ॲपने लाल अलर्ट पाठवला: अर्ध्या शेतावर ताण. दादा आणि मी दोघं हातातलं काम टाकून पळालो. मका मजेत डोलत होता. घरी येऊन त्याच दिवसाची साधी रंगीत प्रतिमा उघडली, तर ईशान्य कोपऱ्यात ढगाचा पुंजका आणि त्याची सावली बरोबर आमच्या शेतावर. तेव्हापासून नियम केला: आधी साधा फोटो बघायचा, मग निर्देशांक. अलर्टवर पाऊल उचलायचं नाही.

तसाच दुसरा चकवा रंगांचा. ॲप प्रत्येक वेळी शेतातल्या सगळ्यात कमी आकड्याला लाल आणि सगळ्यात जास्तीला हिरवा रंग देत होतं. सगळं शेत 0.78 ते 0.84 मध्ये असलं तरी नकाशा असा दिसायचा की जणू एक कोपरा जळालाय. रंगपट्टी कायमची 0.2 ते 0.9 वर बांधून घेतली तेव्हा कुठे दोन तारखांचे नकाशे शेजारी ठेवून बघता यायला लागले. तुमच्या ॲपमध्ये ही सोय नसेल तर रंगांकडे बघूच नका, आकडे लिहून ठेवा.

आता जिथे पैसे वसूल झाले ती गोष्ट. पावसाने दोन आठवडे दडी मारली होती. एनडीव्हीआय सगळीकडे सारखा, 0.8 च्या वर. सहज म्हणून ओलाव्याचा निर्देशांक लावला. हा निअर इन्फ्रारेड आणि शॉर्टवेव्ह इन्फ्रारेड यांवरून काढतात आणि पानातल्या पाण्याला जास्त हळवा असतो. त्यात पश्चिमेकडे एक सरळ फिकी पट्टी दिसली. रोग काही रेघ ओढून येत नाही. सरळ रेघ दिसली की माणसाचं काम, नाहीतर नळीचं. दुपारी दोन वाजता गेले. बाहेरून काही नाही, पण आत सात-आठ सरी ओलांडल्यावर पानं पोंगळीसारखी वळलेली. खाली वाकून लॅटरल, म्हणजे ठिबकची नळी, उचलली तर ती हातात हलकी लागली. टोकाची घडी सोडली आणि तिथून आधी काही नाही, मग तांबडा गाळ, मग पाणी. त्या भागातल्या चार लॅटरल गाळाने चोंदल्या होत्या. धुऊन घेतल्या, तीन दिवसांत पानं सरळ झाली. बांधावरून हे दिसलं नसतं, कारण बांधाजवळची झाडं व्हॉल्व्हच्या बाजूची, त्यांना पाणी पोचत होतं.

याच्या बरोबर उलट अनुभव त्याच हंगामात. मक्याच्या पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, लष्करी अळी शिरली होती. पानांवर रांगेने भोकं, पोंग्यात लाकडाच्या भुशासारखी ओली विष्ठा, दर चार-पाच झाडांमागे एक झाड. नकाशावर? काहीही नाही. 0.82. सहाशे झाडांच्या सरासरीत अळीने खाल्लेल्या पानाला कोण विचारतो? ती सापडली कारण दादा रोज सकाळी एक चक्कर मारतोच, त्याला नकाशाशी देणंघेणं नाही. नुसत्या नकाशावर विसंबलो असतो तर पीक अळीच्या घशात गेलं असतं.

आणि शेतातला सगळ्यात गर्द हिरवा भाग कुठला होता, तर गळक्या व्हॉल्व्हभोवतीचा. मी मनाशी खूश होते की तिथे माती भारी असावी. खुरपणीला गेलो तर मका खुरटलेला आणि कमरेएवढं गवत. उपग्रहाला हिरवं ते हिरवं.

मक्यानंतर गहू केला. आभाळ मोकळं झालं, प्रतिमा नियमित येऊ लागल्या आणि इथे हे तंत्र खरं कामाला आलं. पण एनडीव्हीआय नाही. गव्हाने जमीन झाकली की तो आकडा माथ्याला टेकतो आणि मग पीक चांगलं की फार चांगलं हे सांगतच नाही. त्यापुढे रेड एज वापरावा, म्हणजे लाल आणि इन्फ्रारेडच्या मधला पट्टा. तो हरितद्रव्यातला फरक जास्त काळ दाखवतो. अडचण एवढीच की सेंटिनेल-2 वर त्याचा पिक्सेल 20 मीटरचा आहे, म्हणजे चार गुंठ्यांचा एक ठिपका. शेत अजूनच ढोबळ दिसतं.

हे मला आधी माहीत असतं तर एक चूक टळली असती. गव्हाला नत्र पुरतंय का हे ताडायची एक जुनी रीत आहे: एका पट्टीला मुद्दाम भरपूर युरिया द्यायचा आणि बाकी शेत त्या पट्टीच्या तुलनेत किती मागे आहे ते बघायचं. ही रीत मला फार पटली, कारण कुठल्याही पुस्तकातला आकडा लागत नाही, आपल्याच मातीशी आपली तुलना. उत्साहाने पट्टी आखली. सहा मीटर रुंद! बांधावरून ती काळपट हिरवी स्पष्ट दिसत होती, अगदी रस्त्याने जाणाऱ्यांनीही विचारलं. उपग्रहाला ती शेवटपर्यंत दिसली नाही.

ॲप का सोडलं ते आता. ओंब्या भरून गहू पिवळा पडायला लागला तसे अलर्ट सुरू झाले. ताण, ताण, तीव्र ताण. पक्व होणाऱ्या गव्हाचा एनडीव्हीआय उतरणारच, तो उतरला नाही तर काळजी करायची. पेरणीची तारीख मी स्वतः भरून दिली होती, पण ती बहुतेक कुणी वाचत नव्हतं. मदत क्रमांकावर विचारलं तर फवारणीचा सल्ला आला. कापणीला आलेल्या पिकावर! त्या दिवशी बंद केलं.

एकदा भाड्याने ड्रोनही उडवून पाहिला. प्रतिमा सेंटिमीटरमधली, झाड न् झाड मोजता येईल अशी. पण उडवणारा आला संध्याकाळी पाचला, सरींच्या लांब सावल्या पडलेल्या, आणि उजेडाचं मोजमाप जुळवायला ठेवतात ती करडी पाटी त्याने आणलीच नव्हती. चित्र सुंदर आलं. आकडे कशाशीच जुळले नाहीत.

ज्यांना फायली उतरवून क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतः गणित करायचंय त्यांच्यासाठी एक खड्डा दाखवून ठेवते, मी त्यात पडले होते. 25 जानेवारी 2022 पासून सेंटिनेल-2 च्या फायलींत उजेडाच्या प्रत्येक पट्ट्याच्या (लाल, इन्फ्रारेड वगैरे) आकड्यात 1000 ची भर असते. ती वजा करून मग 10,000 ने भागायचं. मी केली नाही. खरे आकडे इन्फ्रारेडचा 4000 आणि लालचा 300 असतील तर एनडीव्हीआय 0.86. भर तशीच ठेवली की ते 5000 आणि 1300 होतात आणि उत्तर येतं 0.59. 2021 सालचं शेत आणि आताचं शेत शेजारी ठेवून मी दोन दिवस जमीन खराब झाली म्हणून हळहळत होते. माती परीक्षणाच्या पिशव्यासुद्धा भरून ठेवल्या. ब्राउझरमध्ये हे आपोआप सांभाळलं जातं, तिथे चिंता नाही.

हल्ली माझा रिवाज असा: उपग्रहाच्या दिवशी रात्री प्रतिमा आली का बघायची, ढग तपासायचे, मागच्या स्वच्छ प्रतिमेशी ताडायची आणि जिथे फरक दिसतो असे दोन-तीन ठिपके दादाला पाठवायचे. त्याची सकाळची चक्कर आता त्या ठिपक्यांवरून जाते, एवढाच बदल. काय झालंय ते तोच येऊन सांगतो. आठवड्याला माझी वीस मिनिटं जातात.

पुढच्या हंगामात जादा खताची पट्टी तीस मीटर रुंद ठेवायची असं मी जाहीर केलं. दादाने जागेवरच हिशेब केला: शेताची लांबी एकशे चाळीस मीटर, गुणिले तीस, म्हणजे अख्खा एकर झाला. "तुझ्या उपग्रहाला दिसावं म्हणून एकरभर जास्तीचा युरिया ओतू?" रेड एजचे ठिपके वीस मीटरचे, त्याहून अरुंद पट्टी काही कामाची नाही. शेवटी रुंदी तीसच ठेवून लांबी निम्मी करायची ठरली, आणि तीही बांधापासून वीस मीटर आत.